तुम्ही विचारलंत म्हणून: जो थॉमसमध्ये बघण्यासारखं काय?

माझ्याकडे क्लीव्हलंड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाची ७३ नंबरची जर्सी आहे. ती अंगात दिसली की भारतातून आलेले पाहुणे विचारतातच, "हा कोण? किती गोल केलेत याने?" जो थॉमस, मी सांगतो. तो ज्या जागेवर खेळायचा, तिथल्या खेळाडूला पुढे फेकलेला पास झेलायचीही सहसा मुभा नसते. मग पुढचा प्रश्न ठरलेला: मग त्याच्यात बघण्यासारखं काय? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

थॉमस लेफ्ट टॅकल, म्हणजे आक्रमणाच्या रांगेतल्या पाच धिप्पाड गड्यांपैकी डाव्या टोकाचा. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, उजवा असेल तर फेकताना त्याची पाठ डावीकडे होते आणि त्या बाजूने अंगावर येणारा सव्वाशे किलोचा माणूस त्याला दिसत नाही. त्याला अडवायचं लेफ्ट टॅकलने. तेही मागे मागे सरकत, हात त्याच्या छातीवर रोवून. धरून ठेवलं तर १० यार्डांचा दंड, चाल सुरू होण्याआधी हललात तर ५ यार्डांचा. सगळा मामला तीनेक सेकंदांचा. काम चोख झालं तर काहीच घडत नाही आणि समालोचक क्वार्टरबॅकचं कौतुक करतो. आपल्याकडे यष्टिरक्षकाचंही तेच: झेल सुटला की नाव निघतं.

पोरगा विस्कॉन्सिनचा, खेळला मॅडिसनच्या विद्यापीठाकडून. जानेवारी २००६ मध्ये त्याला एका सामन्यात बचावाच्या फळीत उभं केलं आणि गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. त्याच वर्षाच्या हंगामात परतून त्याने आउटलँड ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम आतल्या फळीच्या खेळाडूचा मान, जिंकली. २००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या सोहळ्यात, ब्राउन्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं. त्या सोहळ्यासाठी न्यूयॉर्कला सूटबूट घालून जायचं सोडून हा पठ्ठ्या त्या दिवशी वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे धरत होता. मी तिथेच त्याच्या प्रेमात पडलो.

ब्राउन्सचं काय सांगावं! त्याच्या पहिल्या वर्षी १० सामने जिंकूनही प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) हुकली, आणि शेवटच्या वर्षी १६ पैकी १६ हरले. मधल्या काळात ६ प्रशिक्षक झाले, सामन्याच्या सुरुवातीला मैदानात उतरलेले क्वार्टरबॅक २० झाले. डाव्या टोकाला माणूस मात्र तोच. पहिल्या सामन्यापासून सलग १०,३६३ चाली, एकही न चुकवता. हरलेल्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटालाही तो मैदानात असायचा, हे मला सगळ्यात थोर वाटतं. २२ ऑक्टोबर २०१७ ला टेनेसी टायटन्सविरुद्ध डाव्या हाताचा ट्रायसेप्स फाटला, तेव्हा कुठे साखळी तुटली. पुढच्या मार्चमध्ये निवृत्ती.

बाकी, १४० किलो वजन टिकवणं हीसुद्धा नोकरीच. भूक असो नसो, जेवायचं. खेळ सुटल्यावर त्याने २० किलोंहून जास्त वजन उतरवलं, आता सहज ओळखू येत नाही.

दुसऱ्या संघात गेला असता तर विजेतेपदाची एखादी अंगठी मिळाली असती, असं पुष्कळ जण म्हणतात. मिळालीही असती. पण २०२३ मध्ये, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, हॉल ऑफ फेमने, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीने, त्याला घेतलं, प्लेऑफचा एकही सामना न खेळलेल्या माणसाला. तेव्हा पुढच्या रविवारी मॅचला या, आणि चाल सुरू झाली की चेंडू सोडून डाव्या टोकाकडे बघा. पहिला अर्धा तास कंटाळा येईल. चहा मी करतो.