बरणी नंबर 3: काकडी एकदाची कुरकुरीत राहिली भो

मिठाच्या पाण्यात काकडी आंबवतोय, त्यातल्या एप्रिलमधल्या दोन्ही बरण्या गेल्या. व्हिडिओत आठवडाभर ठेवा म्हणतात म्हणून मी पण ठेवली, पण ते लोक थंड गावातले, इथे जळगावात बाहेर 44 आणि किचनमध्ये 36, पाचव्या दिवशी काकडीचा नुसता लगदा. आजीने झाकण उघडलं, नाकाला पदर लावला आणि म्हणे, "हाई ते सडी गयं ना रे भो."

यावेळी मीठ चमच्याने नाही, काट्यावर मोजलं. आधी मी फक्त पाण्याचं वजन धरायचो, ती खरी चूक, कारण काकडीतलं पाणी सुटलं की खारवणी पातळ होते. आता काकडी, मिरची, लसूण 400 ग्रॅम आणि पाणी 600, म्हणजे एक किलोला अडीच टक्क्याने 25 ग्रॅम मीठ. काकडीचं फुलाकडचं टोक कापून टाकलं, मऊ करणारी एन्झाइम्स तिथेच जास्त असतात. चिमूटभर चहापत्ती पण टाकली, तिच्यातल्या टॅनिनने कुरकुरीतपणा टिकतो. वर वाटी उपडी ठेवली, एकही फोड पाण्याबाहेर नको. आणि बरणी ओल्या पोत्यात गुंडाळून माठाशेजारी, तिथे थर्मामीटर 29 दाखवत होता, कोरड्या हवेचा तेवढाच फायदा राव!

दुसऱ्या दिवशी बुडबुडे, तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ (घाबरू नका, तेच पाहिजे), वर पातळ पांढरी साय आली ती काढून टाकली, पण केसाळ हिरवी-काळी बुरशी दिसली असती तर अख्खी बरणी फेकली असती. चौथ्या दिवशी पीएचची (आंबटपणा मोजायची) पट्टी 4 च्या खाली, म्हणजे पुरेसं आंबट, लगेच फ्रिजमध्ये. दाताखाली कट्ट आवाज आला ना, आजीपण गप्प. मग हावरटपणा केला, खिचडीसोबत वाटीभर खाल्ली आणि रात्रभर पोट गुडगुडलं. सुरुवात दोन फोडींनीच करा, मीठ पण बरंच असतं त्यात.

अजून एक, मागे मी बिबड्यांना (आपले ज्वारीचे पापड) प्रोबायोटिक म्हटलं होतं ते मागे घेतो. ज्वारी तीन दिवस भिजवून आंबवतात खरं, पण नंतर त्याचा घाटा (दाट लापशी) रटरटा शिजतो, म्हणजे जिवंत काही उरत नाही, आंबटपणा तेवढा राहतो. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांची 2001 ची व्याख्या बघा, जिवंत जंतू, पुरेशा प्रमाणात आणि तब्येतीला फायदा, तिन्ही पाहिजे. त्या हिशोबाने माझी काकडी पण प्रोबायोटिक म्हणता येत नाही, जंतू जिवंत आहेत पण कोणते आणि किती ते कोणी तपासलंय? आंबवलेलं म्हणा, बस. गरम घाट्यावर शेंगदाण्याचं तेल घालून खायचं मात्र मी सोडणार नाही.

बरणी नंबर 4 कैरीची, काल रात्री भरली, पोतं दिवसातून तीनदा ओलं करावं लागतंय.