यीस्टच्या मायलेकी

मी गणिताचा माणूस, पण त्या दिवशी दुपारभर सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेशी मोजत होतो. यीस्ट वाढवायला लागणारे 30 अंश म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात गारवाच. इथे यीस्ट हलवत ठेवणाऱ्या शेकरला हीटर नाही, कूलिंग लागतं.

अल्फा फॅक्टर हे यीस्टचं चक्र थांबवणारं संप्रेरक देऊन तिथल्या मॅडमनी सगळ्या पेशी जी-वन अवस्थेत, म्हणजे कळी फुटण्याआधीच्या टप्प्यात, अडवून ठेवल्या होत्या. मग तो धुऊन काढला, ताजं माध्यम दिलं आणि दर थोड्या वेळाने नमुना घेऊन शंभरात किती पेशींना कळी (जिची पुढे नवी पेशी होते तो फुगवटा) फुटली ते मोजत गेलो. आलेखातला पहिला चढ देखणा आला. जवळपास सगळ्यांनी बरोबरच कळी धरली.

दुसऱ्या फेरीचा चढ मात्र बुटका, पसरट, आणि उजवीकडे त्याला स्पष्ट खांदा, म्हणजे उतारावरच एक उंचवटा! मॅडम म्हणाल्या, "सर, मोजण्यातली गडबड नाही ही. कोण मागे राहून राहिलं ते पाहा ना."

डोळा लावला. मोठ्या पेशींवर कळ्या होत्या. लहान, गोल पेशी बिनकळीच्या. त्या लेकी. हे यीस्ट समान विभागत नाही. लेक आईपेक्षा लहान जन्मते आणि ठरावीक आकार गाठल्याशिवाय पुढचं चक्र सुरू करत नाही. हार्टवेल आणि उंगर यांनी 1977 मध्येच हे दाखवलं होतं. आम्ही ग्लुकोजऐवजी रॅफिनोज, म्हणजे वाढ सावकाश करणारी साखर, दिलं होतं ते याचसाठी: वाढ मंदावली की मायलेकींतलं अंतर वाढतं.

हे सगळं गणितात मांडणाऱ्या माझ्या मॉडेलचा पाया म्हणजे मॅकेंड्रिक यांचं 1926 चं, वयानुसार संख्या कशी बदलते ते सांगणारं समीकरण. (हे डॉक्टर कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख होते, याचं मला फार अप्रूप आहे.) पेशी वयाने पुढे सरकतात, विभागल्या की वय पुन्हा शून्य. यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा चालता चालता लांबतो, तसा नुसत्या वेगाच्या फरकानेही ताळमेळ सुटतो. पण त्याने चढ फक्त पसरतो, त्याला असा खांदा फुटत नाही. म्हणून सीमेवरची अट, म्हणजे विभागल्यावर वय कुठून सुरू होतं तो नियम, दुभंगली: आईचं वय शून्यापासून, लेकीचं त्याच्याही मागून, वाढीला लागणाऱ्या वेळेइतकं. तो वेळ लेकींच्या आकारावरून वेगळा काढला होता, आलेखाशी जुळवून घेतलेला नव्हता. रात्री गणित चालवलं आणि खांदा जिथल्या तिथे उमटला. मी उठून उभाच राहिलो.

लगेच मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, "आणि लेकीच्या लेकींचं काय?"

कागदावरच उत्तर निघालं. तिसऱ्या फेरीत एकही उशीर नसलेल्या, एक उशीर झालेल्या आणि दोन उशीर झालेल्या पेशी 1:2:1 अशा पडायला हव्यात. ते तीन गट वेगळे दिसावेत म्हणून आता रॅफिनोजऐवजी इथेनॉलवर वाढवायचं ठरलंय.