शार्कची भीती नाही वाटली?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या पापुआ न्यू गिनीत राहताना मी पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन समुद्रात डाइव्हिंग करायचे, हे कळलं की पहिला प्रश्न हाच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही वाटली. हा प्रश्न मला इतक्या लग्नांत, इतक्या मुंजींत, हातात ताट असताना विचारला गेलाय की एकदा नीट बसून उत्तर द्यावं म्हटलं. गंमत अशी की विचारणाऱ्यांत मालवणकडची मंडळी सगळ्यांत पुढे. मोरीचं मटण ओरपणाऱ्यांनी मला शार्कबद्दल विचारायचं! मोरी म्हणजे शार्कच की हो. भीती तिला तुमची वाटायला हवी.

आम्ही राहायचो किम्बेला. पापुआ न्यू गिनीच्या मुख्य भूमीच्या उजवीकडे नकाशात एक वाकडं, लांबट बेट दिसतं, ते न्यू ब्रिटन. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे गाव. समोर बिस्मार्क समुद्रात उघडणारा किम्बे उपसागर, मागे ज्वालामुखींची रांग आणि मधल्या सगळ्या सपाटीवर पामची लागवड. नवऱ्याची नोकरी पामतेलाच्या मिलमध्ये होती, म्हणून आम्ही तिथे. मी माण तालुक्यातली. आमच्याकडे पाणी टँकरनं यायचं. पोहायला शिकले ती मामाच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. किम्बेला पहिल्यांदा सिलिंडर पाठीवर चढवला तेव्हा मनात आलं, इथंही डबाच आहे, फक्त हा खाली न्यायला.

भीती वाटायची ती कानांची. पहिल्या चारपाच मीटरांतच दाब जाणवतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कान मोकळे झाले की पुढे. सर्दी असेल तर त्या दिवशी बोटीवर बसून राहायचं, मग खाली देवमासा आला तरी. दुसरी भीती घाईघाईनं वर येण्याची. खोलवर रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडला नाही तर त्याचे बुडबुडे होतात, आणि त्यावर उपचार करणारी दाबाची खोली किम्बेच्या आसपास कुठेच नव्हती. म्हणून आमच्या बोटीवर कुणी शूरपणा करत नसे. डाइव्ह करून लगेच विमानातही बसायचं नाही, किमान अठरा ते चोवीस तास मध्ये जाऊ द्यायचे. किम्बेचा विमानतळ जवळच्या हॉस्किन्सला. 2002 मध्ये मागचा पागो ज्वालामुखी जागा झाला तेव्हा राखेमुळे तोही बंद पडला होता. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, तेवढेच दिवस पाण्यात जाणार नाहीस." पागोशी पाण्याचा काय संबंध, हे तिला पटवता आलं नाही.

आता शार्क. किम्बे उपसागरात खडकांचे सुळके शेकडो मीटर खोलीतून सरळ उठतात आणि पृष्ठभागाच्या काही मीटर खाली थांबतात. वर निळं पाणी, बाजूला निळं पाणी, आणि मध्येच हा प्रवाळांनी मढलेला माथा. प्रवाह जिकडून येतो त्या टोकाला बॅराकुडा माशांचा थवा गोल फिरत असतो आणि त्याच्या जरा खाली करडे रीफ शार्क. ते येतात, एका बाजूनं तुम्हाला बघतात, आणि निघून जातात. आपल्या खाण्यालायक काही नाही, हे त्यांना फार लवकर कळतं. पहिल्या वेळी छातीत धडधडलं, नाही कशाला म्हणू? दुसऱ्या वेळेपासून मी त्यांना शोधायला लागले. ज्या सुळक्यावर शार्क दिसेनासे होतात तिथे मासेमारी जास्त झाली, असं बोटीवरचे लोक सांगत.

चावरा म्हणाल तर टायटन ट्रिगरफिश. हातभर लांब, तिरळ्या डोळ्यांचा, प्रवाळ फोडून खाणाऱ्या दातांचा. अंडी घातली की तो घरट्याचा पहारेकरी होतो. त्याची हद्द घरट्यापासून वर जाताना रुंदावत जाते. घाबरून वर पळणारा माणूस म्हणून त्याच्या हद्दीतच राहतो आणि पार पृष्ठभागापर्यंत मार खातो. आडवं पोहत बाजूला व्हायचं असतं. माझ्या पायातल्या एका फिनला (पोहायच्या रबरी पंखाला) त्याच्या दातांची खूण होती. पण त्याच्याबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

पाण्याखाली मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला तो मात्र अगदी बारक्या गोष्टींपाशी. समुद्रपंखा म्हणजे पंख्याच्या आकाराचं प्रवाळ; त्यावर दोन सेंटिमीटरचा समुद्रघोडा असतो, अंगावर त्याच पंख्यासारख्या गाठी, त्याच रंगाच्या. वाटाड्यानं बोट दाखवलं तरी दिसायचा नाही. शास्त्रज्ञांनाही तो असाच उशिरा सापडला. 1969 मध्ये मेलानेशियातल्याच, म्हणजे पापुआ न्यू गिनी ज्या बेटांच्या पट्ट्यात येतं त्यातल्याच, न्यू कॅलेडोनियात मत्स्यालयासाठी एक पंखा काढून आणला, तेव्हा कळलं की त्यावर कुणी राहतंय.

आणि क्लाउनफिश. समुद्रफुलाच्या (सी अनेमोनी नावाच्या प्राण्याच्या) डंख मारणाऱ्या बोटांत एक कुटुंब राहतं. सगळ्यांत मोठी ती मादी, तिच्याखालचा नर, बाकीचे अजून वयात न आलेले. मादी मेली की नर मादी होतो आणि खालच्यांतला मोठा नर होतो. अंड्यांची राखण बापाकडे. हे मी एकदा हळदीकुंकवात सांगितलं आणि सगळ्या एकदम तिळगुळाकडे वळल्या. पण मला खरं वेड लावलं ते पुढच्या गोष्टीनं. पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की दहाबारा दिवस उघड्या समुद्रात वाहत जातात. ती कुठे जातात, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मग संशोधकांनी आमच्याच उपसागरातल्या किम्बे बेटावर माद्यांना बेरियम या धातूचं एक निरुपद्रवी समस्थानिक (ओळखू येणारं वेगळं रूप) टोचलं. ते आईकडून पिल्लांच्या कानातल्या इवल्याशा हाडात उतरतं. नंतर त्या बेटावर नव्यानं वस्तीला आलेल्या पिल्लांचं हाड तपासलं, तर सुमारे 60 टक्के तिथंच जन्मलेली निघाली. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं. नखाएवढं पोर अख्खा समुद्र पालथा घालून आपल्या खडकावर परत येतं, आणि आम्ही कंपनी सांगेल तिथे बिऱ्हाड हलवत होतो.

शार्कनंतरचा दुसरा ठरलेला प्रश्न, आवाज खाली आणून: "तिथले लोक माणसं खातात ना?" याला मी आता शांतपणे उत्तर देत नाही. पोर्ट मोर्सबीत रात्री एकटीनं बाहेर पडू नये, हे खरं. रास्कोल म्हणतात त्या लुटारू टोळ्यांची भीती तिथल्या लोकांनाही होती. आमच्याही क्वार्टर्सना उंच कुंपण होतं. पण माझा रोजचा संबंध बाजारातल्या बायकांशी. जमिनीवर पसरलेली रताळी, अळकुड्यांच्या भावंडासारखा तारो, ऐबिका या पालेभाजीच्या जुड्या, शहाळी आणि सुपारी. तिकडे सुपारीला बुआई म्हणतात. ती ओली, हिरवी, दातांनी सोलायची. चुना प्रवाळ किंवा शिंपले भाजून केलेला. आणि पान नाही! आपल्याच नागवेलीची, पण पानाऐवजी तिची लांबट शेंगेसारखी फळं चुन्यात बुडवून चावायची. माझ्या आजीच्या चंचीत जे होतं तेच त्यांच्या बिलुममध्ये, म्हणजे विणलेल्या पिशवीत. मी पहिल्यांदा बुआई खाल्ली तेव्हा तोंड लाल झालेलं बघून त्या बायका माना डोलावून हसल्या, आणि त्यानंतर मी त्यांची "सुसा", म्हणजे बहीण झाले. भाव मात्र कमी झाला नाही.

त्या देशात 97 टक्के जमीन घराण्यांच्या, गोतांच्या मालकीची आहे. आणि मालकी किनाऱ्याशी संपत नाही. समोरचा प्रवाळाचा खडक, म्हणजे रीफही, कुणाचा तरी असतो. बोट कुठल्या रीफवर थांबणार त्यावर कुठल्या गावाला विचारायचं आणि पैसे द्यायचे हे ठरायचं. मेलानेशियातल्या कितीतरी बेटांवर एखादा मोठा माणूस वारला की त्याच्या गोताचा खडक काही काळ बंद करतात, तिथे कुणी गळ टाकत नाही. पुढे मेजवानी घालून तो उघडतात, तोवर मासे वाढलेले असतात. आपल्याकडे समुद्र सगळ्यांचा आहे असं आपण अभिमानानं म्हणतो. मला तिथे राहून वाटायला लागलं की तो कुणाचा तरी असलेला बरा.

म्हणजे सगळं जतन झालंय, असं नाही. समुद्रकाकड्या, म्हणजे समुद्रतळावरचे काकडीच्या आकाराचे जीव, चिनी व्यापाऱ्यांना विकून पैसा यायचा, म्हणून त्या इतक्या उपसल्या की 2009 मध्ये सरकारला बंदीच घालावी लागली. ती 2017 पर्यंत होती. आमच्या उपसागराच्या पश्चिम किनाऱ्याजवळ दुसऱ्या महायुद्धातलं जपानी झिरो लढाऊ विमान तळाशी जवळजवळ अखंड बसलेलं आहे. तेसुद्धा 2000 मध्ये समुद्रकाकड्या शोधत बुडी मारणाऱ्या एका गावकऱ्याला सापडलं. आणि पामचं काय सांगू? आमच्या घरची चूल त्यावर चालायची. मोठा पाऊस झाला की नद्यांच्या मुखाशी पाणी तांबडं व्हायचं आणि तो गाळ किनाऱ्याजवळच्या प्रवाळांवर बसायचा. 2004 मध्ये किम्बेच्याच खडकांवरचा आठ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रवाळ पांढरे पडले, गाळानं घुसमटले, काटेरी तारामाशांनी खाल्ले, आणि माशांच्या तीनचतुर्थांशाहून अधिक जातींची संख्या घटली. जिथे मासेमारी बंद होती तिथेही घटली. आम्हाला जे अलोट वाटत होतं ते उतरतीला लागलेलं होतं. पाहुण्याला ते कळत नाही, कारण त्याच्याकडे आधीचं माप नसतं.

माणसांच्या भीतीवरून एक सांगायचं राहिलं. बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या राबाउलला फिरायला गेलो होतो तेव्हा कोकोपोजवळच्या बिता पाका युद्धस्मशानात गेलो. तिथे भारतीय सैनिकांच्या पाट्यांच्या रांगा आहेत. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती लागलेले हजारो भारतीय सैनिक 1943 मध्ये न्यू ब्रिटनला आणून मजुरीला जुंपले होते. भूक, मलेरिया, मारहाण. कितीतरी परतलेच नाहीत. नवरा एकेक नाव मोठ्यानं वाचत गेला. त्या बेटावर आलेले पहिले भारतीय आपणच, असा आमचा एक भाबडा समज होता, तो तिथे गेला.

"मग मालवणला का नाही करत डाइव्हिंग?" केलंय की. पाणी गढूळ, पण पोपटमासे आहेत, आणि शिकवणारी पोरं हुशार आहेत. शिवाय विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, पाण्याखालचं प्रवाळांचं पठार. मला शार्कचं विचारणाऱ्या कोकणातल्या पाहुण्यांपैकी फार थोड्यांनी त्याचं नाव ऐकलेलं असतं. तिथे एकदा उतरायची फार इच्छा आहे. गुडघे काय म्हणतात बघू.

आणि तुम्हाला खरंच किम्बेला जायचं असेल तर डिसेंबर ते मार्च टाळा, तेव्हा तिकडे आंबोलीची आठवण यावी असा पाऊस असतो. नदीच्या मुखाशी आणि खाजणात पोहू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात आणि त्या शार्कसारख्या बघून निघून जात नाहीत. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच सुरू करा. मला तिथे मलेरिया झाला तेव्हा मी खाटेसकट हलत होते, आणि त्या वेळी मात्र मनापासून घाबरले होते. चावलं कोण, तर डास.