राजीनाम्याच्या कागदावर त्याच दिवशी सही करू नका

कॅलेंडरवर एचआरची पंधरा मिनिटांची मीटिंग अचानक येते. त्यात सांगितले जाते की तुमची जागा आता राहिलेली नाही आणि तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. आजच पोर्टलवर राजीनामा टाका, म्हणजे दोन-तीन महिन्यांचा पगार आणि चांगले रिलीव्हिंग लेटर मिळेल. नाहीतर कंपनी काढेल, आणि ते पुढच्या नोकरीच्या पडताळणीत दिसेल. इंदुरातले सुपर कॉरिडॉरवरचे कॅम्पस असो, क्रिस्टल आयटी पार्क असो, नाहीतर हिंजवडीत आणि बेंगळुरूत नोकरीला असलेली आपल्या सुदामा नगर-लोकमान्य नगरची मुले असोत, मांडणी बहुतेक हीच असते. अशा वेळी एवढेच म्हणायचे: "हे सगळे मला मेलवर पाठवा, वाचून कळवतो." आणि उठायचे. सही नाही, पोर्टलवर क्लिक नाही, तोंडी होकारही नाही.

कारण सरळ आहे. कंपनीने काढले तर काही रकमा तुम्हाला कायद्याने मिळतात. तुम्ही स्वतःहून सोडले तर त्यातल्या बहुतेक मिळत नाहीत. राजीनामा एकदा स्वीकारला गेला की "दबाव होता" हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते, आणि पुरावा नसेल तर ते फार जड जाते.

आधी थोडे मागचे. २०२२च्या नोव्हेंबरात मेटाने ११,००० माणसे कमी केली. २०२३च्या जानेवारीत गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० जाहीर केली, आणि मार्चपर्यंत ॲमेझॉनची दोन टप्प्यांतली संख्या २७,०००वर गेली. तेव्हा कारण सांगितले गेले ते कोविडकाळातल्या अति-भरतीचे. २०२५मध्येही मायक्रोसॉफ्टने मे आणि जुलै मिळून सुमारे १५,००० जागा कमी केल्या. आता पैसा एआयच्या डेटा सेंटरकडे वळतो आहे, तो कुठून तरी काढावा लागतो. आपल्याकडे त्याच जुलैत टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२,०००च्या वर कर्मचारी कमी करण्याचे सांगितले. त्याआधी जूनमध्ये तिथे नियम आला होता: वर्षाला २२५ दिवस बिलेबल, म्हणजे क्लायंट ज्याचे पैसे देतो अशा कामावर, असायलाच हवे; बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, जास्तीत जास्त ३५ दिवस. असा नियम तुमच्या कंपनीत आला की तुमचे बेंचचे दिवस तुम्ही स्वतः मोजत राहा. प्रोजेक्टसाठी कोणाकोणाला विचारले, किती ठिकाणी इंटरव्ह्यू दिले, त्याची तारखांसह नोंद ठेवा. उद्या "हा कामच मागत नव्हता" असा शेरा आला तर तीच नोंद उपयोगी पडते.

आता हक्कांचे. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे वर्षभर सलग सेवा झालेल्या 'कामगारा'ला कपातीत काढायचे तर एक महिन्याची कारणासह लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. शिवाय कंपनीने पंधरा दिवसांचे शेवटचे वेतन पुनर्कौशल्य निधीत (नवे कौशल्य शिकण्यासाठीचा निधी) भरायचे, ते ४५ दिवसांत त्या माणसाच्या खात्यावर येते. नेमणूकपत्रात साठ किंवा नव्वद दिवसांची नोटीस असेल तर तीच लागू. कायद्याचा एक महिना ही किमान मर्यादा आहे.

सॉफ्टवेअरवाला 'कामगार' असतो का? इथेच कंपन्या लोकांना घाबरवतात. व्याख्येत तांत्रिक काम स्पष्टपणे आहे. वगळले आहेत ते मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, आणि महिना १८,०००च्या वर वेतन असलेले पर्यवेक्षक. म्हणजे प्रश्न पदनामाचा नसून प्रत्यक्ष कामाचा आहे. व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' आहे पण दिवसभर कोड किंवा टेस्टिंग चालते, तर तुमची बाजू भक्कम आहे. उलट तुम्ही रजा मंजूर करता, अप्रेझल लिहिता, माणसे घेता-काढता, तर ती कमजोर आहे. कोर्टांत दोन्हीकडचे निकाल आहेत, म्हणून तुमच्या कामाचे स्वरूप दाखवणारी नेमणूकपत्रे, केआरए (ठरवून दिलेल्या जबाबदाऱ्यांची यादी), अप्रेझल जपून ठेवा.

एक हिशेब मांडून बघू. महिना एकूण ९०,०००, त्यात बेसिक ४५,०००, सेवा ६ वर्षे ७ महिने. नव्या संहितांत 'वेतन' म्हणजे साधारण बेसिक आणि महागाई भत्ता, पण ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याखाली धरता येत नाही. इथे ते ४५,०००. भरपाई: पंधरा दिवसांचे २२,५०० गुणिले ७ वर्षे, म्हणजे १,५७,५००. पुनर्कौशल्याचे २२,५००. ग्रॅच्युइटी: ४५,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ७, म्हणजे सुमारे १,८१,७३०. तिन्ही मिळून ३,६१,७३०, आणि यात नोटीसचा पगार व शिल्लक रजेचे पैसे अजून धरलेलेच नाहीत. याच माणसाने राजीनामा दिला तर कायद्याने फक्त ग्रॅच्युइटी उरते. कंपनी "दोन महिन्यांचा पगार जादा देतो" म्हणते तेव्हा तो आकडा या हिशेबाशेजारी ठेवून बघायचा. कधी कंपनीचा प्रस्ताव खरोखर जास्त असतो, विशेषतः सेवा दोन-तीन वर्षांचीच असेल तर. तेव्हा तो घेण्यात काही वावगे नाही. पण हिशेब केल्याशिवाय नाही.

राजीनाम्याने आणखी दोन ठिकाणी नुकसान होते, आणि ती कोणी सांगत नाही. जॉइनिंग बोनस किंवा रिलोकेशनच्या पैशांची अट बहुधा अशी असते की वर्षा-दोन वर्षांत 'स्वतःहून सोडल्यास' परत द्यावे लागतील. राजीनामा टाकलात की ती अट लागू होते, आणि फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी संपतानाच्या शेवटच्या हिशेबात, लाखभर रुपये वजा दिसतात. दुसरे, पीएफ. सलग पाच वर्षे होण्याआधी पीएफ काढला तर त्यावर कर लागतो आणि रक्कम ५०,०००च्या वर असेल तर १० टक्के टीडीएस कापतात. मात्र नोकरी आपल्या हातात नसलेल्या कारणाने गेली असेल तर करातून सूट मिळू शकते. राजीनाम्याचे पत्र हातात असताना हे कारण पटवणे अवघड.

पडताळणीची भीती जितकी घातली जाते तितकी खरी नसते. जागा रद्द झाल्यामुळे कपात झाली यात डाग काही नाही. बहुतेक ठिकाणी तारखा, हुद्दा आणि गैरवर्तनाची नोंद आहे का एवढेच विचारतात. म्हणून पत्रात 'पद रद्द झाल्यामुळे सेवा समाप्त' असे शब्द मागा. 'असमाधानकारक कामगिरी' हे शब्द मात्र अजिबात चालू देऊ नका. चांगल्या रेटिंगच्या माणसाला अचानक पीआयपीवर (कामगिरी सुधारण्यासाठी दिलेल्या मुदतीवर) टाकणे हा हातात नारळ देण्याचा आडमार्ग आहे. तसे झाले तर पीआयपीच्या कागदावर "मिळाले, मान्य नाही" असे लिहूनच सही करा आणि मागची रेटिंग जोडून उत्तराची मेल पाठवा.

कंपनीच्या सिस्टिमचा ॲक्सेस कधीही जाऊ शकतो, तेव्हा वेळ आहे तोवर स्वतःचे कागद उतरवून घ्या: नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे, निदान तीन वर्षांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, रजेची शिल्लक दाखवणारा स्क्रीनशॉट, मेडिक्लेमचा पॉलिसी क्रमांक, शेअर मिळत असतील तर त्यांचे स्टेटमेंट. फक्त स्वतःचेच. कंपनीचा कोड, क्लायंटचे कागद, टीमचा डेटा स्वतःच्या मेलवर पाठवला तर कंपनीला गैरवर्तनाचे कारण आयते मिळते, आणि मग कपातीची भरपाई तर जातेच, वर वकिलाची नोटीस येते. घाबरलेल्या मनःस्थितीत लोक हीच चूक सर्वात जास्त करतात.

वेतन संहितेप्रमाणे नोकरी संपल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते, आणि हे मॅनेजरांनाही लागू आहे. ग्रॅच्युइटीला तीस दिवस. पॉलिसीत ४५ दिवस लिहिले आहे असे सांगितले तर कायद्याचे कलम मेलमध्ये विचारा. फुल अँड फायनलच्या कराराबरोबर "यापुढे कोणताही दावा करणार नाही" असा कागद येतो. त्यावर सही करण्याआधी प्रत्येक रकमेची वेगळी ओळ, पैसे जमा होण्याची तारीख आणि मेडिक्लेम कुठवर चालू राहील हे त्यातच लिहून घ्या. 'सहा महिने स्पर्धक कंपनीत जाणार नाही' ही अट नोकरी संपल्यानंतर भारतात साधारणपणे चालत नाही, १८७२च्या करार कायद्याचे कलम २७ आड येते. तेवढ्यासाठी आलेली ऑफर सोडू नका.

तक्रार करायची वेळ आली तर इंदूरकरांना लांब जावे लागत नाही. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचे कार्यालय इंदुरातच आहे. अर्ज समझोता अधिकाऱ्याकडे जातो, तिथे ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आधीच्या कायद्यात ती तीन वर्षे होती, हे लक्षात असू द्या. नोकरी पुण्यात किंवा बेंगळुरूत असेल तर अर्ज साधारणपणे तिथल्या श्रम विभागाकडे करावा लागतो. "घरूनच काम करत होतो" एवढ्याने तो आपोआप इंदुरात येत नाही.

पीएफच्या बाबतीत घाई करू नका. पूर्वी एक महिन्याच्या बेरोजगारीनंतर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले मिळत असे. ऑक्टोबर २०२५मध्ये पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ठरवले की ७५ टक्के लगेच काढता येतील, २५ टक्के शिल्लक राहतील आणि पूर्ण रक्कम बारा महिन्यांनी मिळेल. पेन्शनचा भाग काढण्यासाठी तर छत्तीस महिने. अर्ज करण्याआधी पोर्टलवर त्या दिवशीचा नियम बघा. बहुतेकांचे अडते ते 'डेट ऑफ एक्झिट'वर, म्हणजे नोकरी सोडल्याच्या तारखेवर: कंपनीने ती भरलेली नसते आणि दावा परत येतो. शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः पीएफच्या यूएएन पोर्टलवर 'मार्क एक्झिट'मधून भरता येते, आधारला जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने. तारीख रिलीव्हिंग लेटरशी जुळवूनच भरा. चूक झाली की दुरुस्तीसाठी कार्यालयाच्या फेऱ्या. पैशांची निकड नसेल तर रक्कम राहू द्या, व्याज चालू राहते. नवीन नोकरीत ती वर्ग करा. दहा वर्षांची सेवा पूर्ण झाली तर पेन्शन लागते, म्हणून आठव्या-नवव्या वर्षाला पेन्शनचा भाग काढून घेणे फार महागात पडते.

मेडिक्लेम. ग्रुप पॉलिसीत आई-बाबा असतील तर हेच सगळ्यात तातडीचे काम आहे, पगारापेक्षाही. शेवटच्या दिवशी ते संरक्षण संपते, आणि साठीच्या माणसाला नवी पॉलिसी घ्यायची तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत वर्ग होण्याचा अर्ज नोकरी चालू असतानाच द्या. तसे केले तर आधी काढलेली वर्षे मोजली जातात. खंड पडला तर ती गेली. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झाला आहे.

मुलगा किंवा मुलगी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असेल तर घड्याळ आणखी वेगाने चालते. नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस, आणि ते सहसा पगार मिळालेल्या शेवटच्या दिवसापासून मोजतात. म्हणून 'नॉन-वर्किंग' (काम न करता पगार चालू असलेल्या) नोटीसचे जितके आठवडे पगारावर ठेवतील तितके मागायचे. एकरकमी पैशांपेक्षा ते कधीकधी जास्त मोलाचे ठरतात. या साठ दिवसांत नव्या कंपनीचा अर्ज दाखल व्हायला हवा, नुसती ऑफर पुरत नाही. ते जमणार नसेल तर मुदत संपण्याआधी व्हिजिटर दर्जाचा अर्ज करता येतो, पण त्यावर काम करता येत नाही. सप्टेंबर २०२५पासून देशाबाहेरच्या माणसासाठी नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरची फी आली आहे, त्यामुळे "आधी घरी या, मग बघू" असा सल्ला इथून देण्याआधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारू द्या. कंपनीने मुदतीआधी काढले असेल तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च तिनेच द्यायचा असतो, फक्त त्या कर्मचाऱ्याचा, बायका-मुलांचा नाही.

राहिले घराचे हप्ते. निपानिया-राऊकडे फ्लॅट घेतलेल्यांच्या पगारातला मोठा वाटा ईएमआयमध्ये जातो. पहिला हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा, नंतर नाही. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खाते एनपीए (थकीत कर्ज) ठरते आणि मग मॅनेजरच्या हातात फार काही उरत नाही. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा काही महिने फक्त व्याज भरणे यावर बोलता येते. सेवासमाप्तीचे पत्र आणि फुल अँड फायनलचा आकडा सोबत न्या. कर्जाबरोबर नोकरी जाण्याचा विमा घेतला असेल तर त्याची पॉलिसी काढून वाचा, त्यात राजीनामा बहुधा वगळलेला असतो. आणि भरपाईची रक्कम एकदम कर्जात भरून टाकू नका. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवून उरले तरच भरा. बँकेत भरलेले पैसे नोकरी नसलेल्या माणसाला परत कर्जाऊ मिळत नाहीत.