पेरॉक्साइडच्या आधीच गुलाबी

अथणी तालुक्यातल्या त्या द्राक्षबागेत आम्ही फॉरेन्सिकवाले पोचलो तेव्हा पंचनामा निम्मा उरकला होता. डोक्यात घाव बसून एक गडी मेलेला, संशय मालकाच्या धाकट्या मुलावर. मळ्यातल्या घरात खुंटीवर त्याचा शर्ट सापडला होता, छातीभर तपकिरी शिंतोडे. अंगणात जमलेल्या गावानं निकाल कधीच लावून टाकला होता.

डाग रक्ताचा असू शकतो का हे जागेवर पाहायच्या कॅसल-मेयर चाचणीत सगळं थेंबांच्या क्रमावर असतं. डाग ओलसर फिल्टर पेपरवर टिपायचा, अल्कोहोलचा थेंब टाकायचा, मग रंग घालवलेल्या फिनॉल्फ्थॅलिनचा. इथं थांबायचं. कागद पांढराच राहिला तरच हायड्रोजन पेरॉक्साइड. रक्त असेल तर त्यातल्या हीममुळे, म्हणजे लोह असलेल्या घटकामुळे, काही सेकंदांत गुलाबी रंग फुटतो. माझा कागद पेरॉक्साइडची बाटली उघडायच्या आधीच गुलाबी झाला.

"आलं की मॅडम!" फौजदार म्हणाले.

"नाही साहेब. हा रंग धरता येत नाही."

दारात बसलेल्या आजींना विचारलं, हा शर्ट कधी घालतो?

"औषध मारताना ह्योच अंगात असतोय बघा. मोरचूद आन् चुना."

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांब्याचे क्षार पेरॉक्साइडशिवायच असा रंग आणू शकतात. तपकिरीपणा बहुधा पंपाच्या गंजाचा.

बाहीच्या दुमडीत मात्र एक वाळलेला ठिपका निराळा निघाला. आधी काही नाही, पेरॉक्साइड पडताच झटकन गुलाबी. तेही लपवायचं नसतं. 'प्राथमिक चाचणी होकारार्थी' एवढंच लिहिलं. 'रक्त' लिहा म्हणून आग्रह झाला, मी लिहिलं नाही. काही भाज्यांचा रससुद्धा ही चाचणी फसवतो.

प्रयोगशाळेत ताकायामा चाचणी लावली. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी स्फटिक दिसले, म्हणजे रक्त नक्की. पण कुणाचं? जर्मन शास्त्रज्ञ उलेनहूथनं १९०१ साली रक्त माणसाचं की जनावराचं हे ओळखायला वापरलेली प्रेसिपिटिन चाचणी आम्ही जेलमध्ये करतो. ज्या प्राण्याचं रक्त असेल त्याच्या अँटीसीरमशी, म्हणजे त्या प्राण्याचं रक्त ओळखणाऱ्या द्रवाशी, गाठ पडली की पांढरी रेघ उमटते. माणसाच्या अँटीसीरमच्या बाजूला काहीच उमटलं नाही. शेळी-मेंढीच्या बाजूला बारीक पांढरी रेघ आली.

पोरगा पहिल्यापासून सांगत होता, जत्रेचं बकरं ह्याच शर्टात, बाह्या दुमडून कापलं. कुणी ऐकून घेतलं नव्हतं. शिंतोड्यांवरून माणूस ठरवून मोकळं होणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

अहवाल त्याच संध्याकाळी सहीला ठेवला आणि तपास अधिकाऱ्यांना फोन लावला. गड्याला लागलेलं हत्यार अजून मिळालेलं नव्हतं. म्हटलं, आधी ते शोधा आणि मिळालं की न धुता, न पुसता, कागदात गुंडाळून पाठवा.