जी४१ डेस्कटॉपची नोंद: सगळा घोळ जांभळ्या वायरीत

मशीन असं आहे: जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, सॉकेट ७७५, कोअर २ ड्युओ ई७५००, २ जीबी डीडीआर३ रॅम आणि ४५० वॉट असं छापलेला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. (छापलेलं आहे खरं, पण डबा हातात घेतला की ४५० वर विश्वास बसत नाही.) डीटीपीवाल्या मित्राच्या दुकानात या मशीनने वर्षानुवर्षं लग्नपत्रिका आणि हँडबिलं काढली. "रात्री लाईट गेली, सकाळी आली, तेव्हापासून बंद. झटका बसला असणार," असं त्याचं म्हणणं. रिपेअरवाल्याने बटण दाबून बघितलं आणि मदरबोर्ड गेल्याचं सांगून मोकळा झाला. भंगारात जायच्या आधी मी ते उचलून आणलं.

शनिवार

बटण दाबलं की प्रोसेसरचा पंखा जेमतेम हलतो आणि थांबतो. बीप नाही, स्क्रीनवर काही नाही. नेहमीचे सोपस्कार आधी उरकले. रॅम काढून खोडरबराने पुसली, एकच कांडी ठेवली, हार्ड डिस्क आणि डीव्हीडी सोडवली. पॅनेलच्या वायरी काढून पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने जोडून बघितल्या, म्हणजे बटणाचाच दोष असेल तर कळावा. प्रोसेसरचा चार पिनांचा कनेक्टर नीट बसलेला, सॉकेटभोवतीचे कपॅसिटर सपाट, कुठे फुगवटा नाही. फरक शून्य.

कंटाळून जेवायला गेलो. भिंतीवरचं बटण चालूच राहिलं होतं. परत येऊन सहज पॉवर दाबली तर एक बीप देऊन मशीन सरळ बायोसपर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या सेटिंगच्या स्क्रीनपर्यंत गेलं! बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा सुरू. संध्याकाळपर्यंत एकदाही नखरे केले नाहीत. रात्री वायर काढून ठेवली आणि रविवारी सकाळी परत तेच, पंखा हलतो आणि थांबतो.

ही खूण मोलाची. जळलेला ट्रान्झिस्टर किंवा गेलेली चिप जेवणाच्या सुट्टीत बरी होत नाही. थंड असताना रुसणारा आणि ऊब मिळाली की चालणारा भाग म्हटला की पहिला संशय म्हाताऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर.

रविवार

आता ऊब कुणाला हवी आहे, बोर्डाला की एसएमपीएसला? मेन स्विच बंद ठेवून हेअर ड्रायरची कोमट हवा फक्त एसएमपीएसच्या जाळीतून आत सोडली. बोर्ड थंडच. मग स्विच चालू करून पॉवर दाबली, आणि मशीन पहिल्या झटक्यात सुरू. बोर्ड निर्दोष सुटला.

इथे कुणीतरी म्हणेलच की हिरवी वायर काळीला (ग्राउंडला) जोडून, बोर्डाशिवायच एसएमपीएस चालू करून तपासायचा ना. तपासला होता, यू-पिन घालून. पंखा मस्त फिरला. पण या चाचणीतून मुख्य भाग धडपडत का होईना सुरू होतो एवढंच कळतं, कारण त्यावर भार नसतोच. आणि आपला संशय होता बटण दाबायच्या आधीच चालू असलेल्या भागावर.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स आणलं. त्याआधीच्या एटी कॅबिनेटचं बटण २३० व्होल्टच तोडायचं. एटीएक्समध्ये बटण मदरबोर्डला नुसता इशारा देतं, आणि तो इशारा ऐकायला बोर्ड अर्धवट जागा असावा लागतो. त्यासाठी एसएमपीएसमध्ये एक वेगळा छोटा भाग, स्टँडबाय, भिंतीचं बटण चालू असेपर्यंत ५ व्होल्ट देत राहतो. तीच जांभळी वायर, २४ पिनांच्या कनेक्टरची ९ नंबरची पिन. हा विद्युतदाब नीट नसेल तर बोर्ड मुख्य भाग चालू करणारी १६ नंबरची हिरवी पिन खाली ओढून धरू शकत नाही, ओढली तरी लगेच सोडतो. पंखा हलून थांबतो तो यामुळे.

रात्रभर थंड झालेल्या एसएमपीएसवर मोजमाप करायचं म्हणून पुढची सकाळ उजाडू दिली.

सोमवारी ऑफिसच्या आधी

जांभळी आणि काळी, भार नसताना: ५.०८ व्होल्ट. एकदम निरोगी. मग ४.७ ओहमचा १० वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर लावला, म्हणजे साधारण १ अँपिअरचा भार. लेबलवर या लाइनला २ अँपिअर लिहिलेत, तेव्हा हा काही जुलूम नव्हे. आकडा घसरून ३.९ वर. एटीएक्सच्या नियमाने ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर जायला नको. रेझिस्टर तसाच ठेवला तर आकडा हळूहळू वर सरकत गेला, ४.३, ४.५… कपॅसिटर डोळ्यांदेखत गरम होत होता.

आता लाईट गेल्याचं कोडं. दुकानात भिंतीचं बटण कधी बंदच होत नसे, त्यामुळे तो भाग वर्षाचे ८७६० तास चालू आणि कायम कोमट. कपॅसिटर आतून वाळत गेला तरी कुणाला पत्ता नाही. मग एक दिवस रात्रभर वीज गेली, डबा पहिल्यांदाच पूर्ण थंड झाला आणि सकाळी उठलाच नाही. झटका-बिटका काही नाही. लोडशेडिंगनंतर "मेलेल्या" किती मशीनचा मदरबोर्ड असा फुकट बदलला गेला असेल, याचा विचार न केलेला बरा.

आयुष्याचं गणितही जुळतं. १०५ अंशांचा २००० तासांचा कपॅसिटर, आणि तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट हा ढोबळ नियम. ५५ अंशांना ६४००० तास, म्हणजे सात वर्षांच्या थोडं वर. याच जागी ८५ अंशांचा स्वस्त माल असेल तर त्याच हिशोबाने दोन वर्षंसुद्धा निघत नाहीत.

डबा उघडणाऱ्यांसाठी: आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि वायर काढल्यावरही राहू शकतो. स्वस्त डब्यात तो उतरवणारे रेझिस्टर असतीलच असं नाही. थांबा, मीटरने मोजा, उरलाच असेल तर २ किलोओहमच्या १० वॉट रेझिस्टरने उतरवा, परत मोजा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची मर्दुमकी नको. ज्यांचा हात या कामात बसलेला नाही त्यांनी बरा नवा एसएमपीएस घ्यावा, मी गमतीने सांगत नाही.

पुढचा शनिवार

पुण्याच्या तपकीर गल्लीतून १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट, १०५ अंश, लो ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर आणले. दुकानदार साधे पुढे सरकवतो, लो ईएसआर हट्टाने मागावे लागतात. स्टँडबायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरशेजारचे दोन काढले. दिसायला अगदी सपाट, पण टेस्टरवर एकाचा ईएसआर २ ओहमच्या वर. नवा ०.०५ दाखवतो. प्रायमरीच्या, म्हणजे भिंतीच्या विजेकडच्या, बाजूचा ५० व्होल्टचा छोटा कपॅसिटरही लगे हाथ बदलला. जुन्या दोन ट्रान्झिस्टरांच्या स्टँडबाय सर्किटमध्ये तो वाळला तर ५ व्होल्ट उलटे वर चढतात आणि बोर्ड घेऊन जातात. काही रुपयांसाठी ती जोखीम कोण घेणार.

डाग देऊन झाल्यावर पहिल्यांदा बाहेरच, त्याच रेझिस्टरवर: ५.०२, स्थिर. नंतर बोर्डाला जोडला, रात्रभर वायर काढून ठेवला, सकाळी बटण दाबताक्षणी बीप.

बाकीचं किरकोळ. तारीख आणि सेटिंग जपणारा सीमॉसचा सीआर२०३२ सेल २.१ व्होल्टवर आला होता, म्हणून तारीख २००९ वर जायची, नवा घातला. हीटसिंकखालची पेस्ट खडू झाली होती, तीही बदलली. रॅम ८ जीबीपर्यंत वाढवता येईल, जी४१ ला त्यापुढे झेपत नाही.

मित्राला मशीन परत नकोय, त्याने लॅपटॉप घेतला. तेव्हा माझा डोळा आता झिऑन ई५४५० या सर्व्हरच्या प्रोसेसरवर आहे. सॉकेट ७७१ चा प्रोसेसर स्टिकर लावून ७७५ मध्ये बसवायचा, बायोसमध्ये त्याचा मायक्रोकोड (बोर्डाला तो प्रोसेसर ओळखता यावा म्हणून) घालायचा, हे माहितीतलं. शंका वेगळीच आहे. या बोर्डावर प्रोसेसरला वीज देणारे मॉस्फेट हीटसिंकशिवाय उघडे आहेत, आणि ६५ वॉटच्या ई७५०० जागी हा ८० वॉटचा. जी४१ वर कुणी महिनोन्महिने चालवला असेल तर मॉस्फेटचं तापमान किती जातं तेवढं सांगा. तोपर्यंत एसएमपीएस मात्र नवा घेणार, हा दुरुस्त केलेला टेबलावरच्या प्रयोगांना.