वरच्या मजल्यावरचा प्रिंटर

आमचं साताऱ्याचं घर खाली जुनं दगडी, वर नंतर बांधलेलं विटांचं. खालच्या भिंती दीड-दीड फुटाच्या. फायबरवाल्यांनी त्यांचा डबा सोप्यात टीव्हीच्या वर ठोकला आणि निघून गेले. माझं कामाचं टेबल वरच्या खोलीत. तिथे वायफायची एकच काडी, तीही जिन्याचं दार उघडं असलं तर. आई ते दार मांजरासाठी बंद ठेवते.

आधी जिन्यात एक स्वस्तातला रिपीटर लावला. काड्या भरल्या, वेग मात्र निम्मा झाला. एकाच रेडिओवर तो खालचं ऐकणार आणि वर सांगणार, मग वेळ वाटून जाणारच. हे मला पैसे गेल्यावर कळलं.

मग ठरवलं, सरळ वायर ओढायची आणि वर वेगळा राउटर लावायचा. ओळखीच्या वायरमनला बोलावलं. लाइटच्या पाइपातूनच घालतो म्हणाला, मी नको म्हटलं आणि वेगळी पट्टी मारून घेतली. टोकांना जॅक मात्र मीच बसवायचे होते, आतल्या आठ तारा ठरलेल्या क्रमानं लावून. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ही माळ मी त्या रविवारी इतकी जपली की बाबांनी विचारलं, कसलं स्तोत्र म्हणतोयस? तीन जॅक वाया गेले, चौथा बसला.

नेट चालू झालं. प्लॅन २०० एमबीपीएसचा, वर मिळत होते ९४. कंपनीला फोन केला, तावातावानं बोललो. त्यांचा मुलगा आला, खालच्या डब्याला लॅपटॉप जोडून पूर्ण २०० दाखवून गेला. मी गप्प. रात्री टॉर्च मारून जॅकच्या पारदर्शक प्लास्टिकमधून पाहिलं, तर तपकिरी तार तांदळाच्या दाण्याएवढी मागे राहिलेली. १०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. एक तार कमी पडली म्हणून दोन्ही डब्यांनी आपसात १०० वर तडजोड केली होती. हिरवा दिवा आपला लुकलुकतच होता. पाचवा जॅक लावला आणि आकडा १९० च्या पुढे गेला.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी बाबांनी खालच्या कॉम्प्युटरवरून सातबारा छापायला घेतला आणि वर माझ्याजवळचा प्रिंटर त्यांना सापडेना. प्रिंटर चालू, वायफाय चालू, माझ्या लॅपटॉपवरून कागद निघतोय. मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, प्रिंटर बंद-चालू केला, बाबांवरही थोडा चिडलो. शेवटी दोन्हीकडचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारे क्रमांक, कागदावर लिहून काढले. बाबांचा १९२.१६८.१ ने सुरू होणारा, प्रिंटरचा १९२.१६८.० ने. एका घरात दोन कारभारी झाले होते. खालचा डबा आपल्या लोकांना पत्ते वाटत होता, वरचा राउटर आपल्या. वरच्या माणसाला बाहेर जाता येत होतं, पण खालच्याला वरच्या घरात डोकावता येत नव्हतं.

इलाज सोपा: वरच्या राउटरनं पत्ते वाटायचे नाहीत, नुसतं वायफाय द्यायचं. नव्या राउटरांत त्यासाठी ॲक्सेस पॉइंट असा पर्याय असतो, माझ्या जुन्यात नव्हता. मी घाईत आधी डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, बंद केलं. राउटर पुन्हा सुरू झाला, लॅपटॉपला १६९.२५४ वाला, कुणीच पत्ता दिला नाही की यंत्र स्वतःच घेतं तो अनाथ पत्ता मिळाला आणि सेटिंगचं पान उघडेचना. मग आईच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी, मागचं रीसेटचं भोक, आणि सगळं पहिल्यापासून. या वेळी आधी राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, मग डीएचसीपी बंद केलं, आणि खालून आलेली वायर बाहेरचं नेट घेणाऱ्या वेगळ्या रंगाच्या वॅन भोकातून काढून बाजूच्या, घरातल्या यंत्रांसाठीच्या साध्या लॅन भोकात घातली. या शेवटच्या पायरीवर माझा अर्धा तास गेला, कारण वेगळ्या रंगाचं भोक खालून येणाऱ्या वायरीसाठीच असतं असं डोक्यात पक्कं बसलेलं.

साडेदहाला प्रिंटर आपोआप गुरगुरला. मी काहीच पाठवलेलं नव्हतं. सातबारा निघाला, मग तोच पुन्हा, मग पुन्हा. दिवसभरात बाबांनी जितक्या वेळा बटण दाबलं होतं तितके सगळे एकामागोमाग येत होते. खालून हाक आली, "आलं का रे काही?"